तुरुंगात आग लागली तर किल्ली कोणाच्या हातात असते?

१४ फेब्रुवारी २०१२ ची रात्र. मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशातलं कोमायाग्वा शहर. इथल्या तुरुंगात साडेआठशेच्या आसपास कैदी होते, म्हणजे क्षमतेच्या जवळपास दुप्पट. रात्री अकराच्या सुमाराला एका बराकीत आग लागली. बघता बघता ती अंथरुणांना, कपड्यांना, लाकडी खाटांना लागली. कैदी गजांना धरून ओरडत होते. पळून जाण्याचा कट आहे असं वाटून पहारेकऱ्यांनी आधी हवेत गोळ्या झाडल्या, असं वाचलेल्या कैद्यांनी नंतर सांगितलं. बराकींची दारं वेळेत उघडलीच नाहीत.

सकाळी मृतांची मोजदाद सुरू झाली. आकडा ३६० च्या घरात गेला. जे वाचले त्यातल्या कित्येकांना बाहेर काढलं होतं एका कैद्यानेच. तो तुरुंगाच्या दवाखान्यात काम करायचा आणि त्या वेळी बराकीत बंद नव्हता. त्याने कुलपं उघडली. पुढे राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी जाहीर केली.

मेलेल्यांपैकी अनेकांवरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता.

आता तुम्ही म्हणाल, होंडुरास कुठे आणि आपण कुठे! पण कुलूप, किल्ली, गर्दी आणि रात्र या चार गोष्टी जगातल्या प्रत्येक तुरुंगात असतात. आपल्याकडच्याही.

धर्मापुरीच्या माणसाचा याच्याशी काय संबंध?

बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यात धर्मापुरी नावाचं गाव आहे. केदारेश्वराचं जुनं मंदिर आणि भुईकोट किल्ला यासाठी ते ओळखलं जातं. तिथे तुरुंग नाही. पण समजा, या गावातल्या एखाद्या माणसावर बांधाच्या भांडणातून गुन्हा दाखल झाला. पोलिसांनी अटक केली. आधी पोलिस ठाण्याच्या कोठडीत रात्र जाणार. न्यायालयाने न्यायालयीन कोठडी सुनावली की रवानगी बीडच्या जिल्हा कारागृहात. तिथे जागा नसेल किंवा प्रकरण गंभीर असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल मध्यवर्ती कारागृहात.

या सगळ्या प्रवासात त्याच्यावर काहीही सिद्ध झालेलं नाही. त्याला 'कच्चा कैदी' म्हणतात. आणि आपल्याकडच्या तुरुंगात अशाच लोकांची संख्या सगळ्यात जास्त आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन.

त्यामुळे 'कैद्यांची कसली एवढी काळजी?' या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच मिळतं. तुरुंगात आग लागली तर आत अडकणाऱ्यांत सगळ्यात जास्त लोक ते असतील, ज्यांना कोणत्याही न्यायाधीशाने दोषी ठरवलेलं नाही. आणि ज्याला ठरवलंय त्यालाही शिक्षा झाली आहे ती ठरावीक वर्षं बंदिवासाची. जीव देण्याची नाही.

बाहेरची आग आणि आतली आग

आपल्या घरात आग लागली तर आपण काय करतो? पळतो. दार उघडतो, पोरांना उचलतो, जिना उतरतो. आगीपासून वाचण्याचे जगभरातले जवळपास सगळे नियम या एकाच गोष्टीवर उभे आहेत, की माणूस स्वतःच्या पायाने बाहेर पडेल. जिन्याची रुंदी किती असावी, दार कोणत्या बाजूला उघडावं, बाहेर पडण्याचा रस्ता किती लांब असावा, हे सगळं त्यासाठीच ठरवलेलं असतं.

तुरुंगात नेमकी हीच गोष्ट नसते. आतल्या माणसाला धूर दिसतो, वास येतो, दार कुठे आहे तेही माहीत असतं. पण ते उघडणं त्याच्या हातात नाही.

आणि वेळ फार थोडा असतो. आगीत बहुतेक माणसं जळून मरत नाहीत, धुराने मरतात. जळणाऱ्या वस्तूंमधून कार्बन मोनॉक्साईड बाहेर पडतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. माणूस आधी गोंधळतो, मग कोसळतो. फोमची गादी जळत असेल तर त्यातून सायनाईडचा विषारी वायूही येतो. बंद खोलीत गाद्या-कपडे पेटले तर काही मिनिटांतच आतली हवा श्वास घेण्याच्या लायकीची राहत नाही.

आता त्या काही मिनिटांत काय काय व्हायला हवं ते बघू. रात्री बराकी बंद झाल्या, गिनती झाली, की किल्ल्या मोजून मुख्य दाराजवळ अधिकाऱ्याच्या ताब्यात कुलूपबंद ठेवायच्या, अशी तुरुंगांतली जुनी पद्धत आहे. यात चूक काहीच नाही. आतल्या पहारेकऱ्याकडे किल्ली असेल तर त्याला धमकावून किंवा फितवून कैदी पळू शकतात, म्हणून ही काळजी. पण आग लागली की याच पद्धतीचा हिशोब उलटा होतो. पहारेकऱ्याला धूर दिसणार. तो शिट्टी वाजवणार. कोणीतरी मुख्य दाराकडे धावणार. अधिकारी येणार, पेटी उघडणार, जुडग्यातून नेमकी किल्ली शोधणार. मग परत बराकीपर्यंत धावत यायचं, धुरात आणि अंधारात कुलूप चाचपायचं. तोवर आतल्यांचा श्वास किती वेळ पुरणार?

म्हणून तुरुंगातल्या अग्निसुरक्षेचा पहिला प्रश्न 'सिलिंडर किती आहेत?' हा नाही. 'रात्री दोन वाजता हे दार उघडायला किती मिनिटं लागतात?' हा आहे.

आग लागते तरी कशी?

तुरुंगांच्या भिंती दगडाच्या, दारं लोखंडाची. मग पेटतं काय? उत्तर आहे, माणसांचं सामान. अंथरूण-पांघरूण, कपडे, कागद, प्लास्टिकच्या पिशव्या, पडदे म्हणून बांधलेल्या चादरी. मोठ्या तुरुंगांत सुतारकाम, हातमाग, शिवणकाम, छपाई असे कारखाने असतात. तिथे लाकूड, सूत, कागद, रंग असतात. स्वयंपाकघरात गॅस असतो. आणि ठिणगी पडण्याचे रस्ते मुख्यतः तीन.

पहिला, वीज. ८ सप्टेंबर २०२१ ला इंडोनेशियातल्या तांगेरांग तुरुंगात पहाटे दोनच्या सुमाराला एक विभाग पेटला. ४१ कैदी जागीच गेले, नंतर हा आकडा ४९ वर पोचला. तुरुंगाची क्षमता ६०० आणि आत कैदी २ हजारांहून जास्त. १९७२ मध्ये बांधकाम झाल्यापासून विजेची वायरिंग बदललेलीच नव्हती, असं तिथल्या मंत्र्यांनीच सांगितलं. आग इतकी झपाट्याने पसरली की काही खोल्यांची कुलपं उघडायला वेळच मिळाला नाही.

दुसरा रस्ता, भांडण किंवा निषेध. ८ डिसेंबर २०१० ला चिलीच्या सान मिगेल तुरुंगात कैद्यांच्या दोन गटांत मारामारी झाली, त्यातून आग भडकली आणि ८१ जण मेले. २७ मार्च २०२३ ला मेक्सिकोतल्या सियुदाद हुआरेस शहरात स्थलांतरितांना कोंडून ठेवलेल्या केंद्रात गाद्या पेटवल्या गेल्या. ४० माणसं मेली. त्याचं सीसीटीव्ही चित्रण तुमच्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिलं असेल. आत गजांपाशी माणसं, धूर वाढतोय, आणि गणवेशातली माणसं दार न उघडता निघून जाताना दिसतात.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा कारागृहात एका महिला कैद्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर चिडलेल्या महिला कैद्यांनी गच्चीवर जाऊन निषेध केला आणि कागद पेटवले. गच्चीवर, उघड्यावर पेटवले म्हणून ते तिथेच निभावलं. हेच बंद बराकीत झालं असतं तर?

तिसरा रस्ता, साधा अपघात. कोमायाग्वाची आग अशीच, विझवायची राहिलेल्या सिगारेटसारख्या कशातून तरी लागली असावी असा तपासाचा निष्कर्ष होता.

भारतातला सगळ्यात कडू धडा

कोंडलेली माणसं आगीत गेल्याचं भारतातलं सगळ्यात भयानक उदाहरण तुरुंगातलं नाही. ते तमिळनाडूतल्या एरवाडीचं आहे. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथल्या मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. रुग्णांना साखळीने बांधून ठेवलेलं होतं. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि अशा ठिकाणांच्या तपासणीचे आदेश दिले.

एरवाडी आणि तुरुंग यांना एकाच रांगेत बसवणं हे कोणाचं भावनिक मत नाही. भारतीय मानक ब्यूरोची 'राष्ट्रीय इमारत संहिता' हेच करते. २०१६ च्या संहितेत इमारतींचे वापराप्रमाणे गट पाडले आहेत. घरं एका गटात, शाळा दुसऱ्या, सिनेमागृहं तिसऱ्या. 'संस्थात्मक इमारती' या गटात तीन उपगट येतात. सी-१ मध्ये रुग्णालयं. सी-२ मध्ये वृद्धाश्रम, अनाथालयं यांसारख्या संस्था. आणि सी-३ मध्ये तुरुंग, सुधारगृहं आणि मनोरुग्णालयं. तिघांत साम्य एकच. आतला माणूस स्वतःहून बाहेर पडू शकत नाही. कोणी आजारी आहे, कोणी लहान आहे, कोणी म्हातारं आहे, कोणी कुलपाआड आहे.

या नजरेने पाहिलं तर महाराष्ट्राला या प्रश्नाची फार जवळून ओळख आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागली. १७ बाळांपैकी ७ वाचली, १० गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या 'फायर ऑडिट'चे आदेश निघाले. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागातच आग लागून ११ रुग्ण दगावले.

भंडारा ते नगर, दहा महिने. ऑडिटचा आदेश निघणं आणि खोलीतला धोका प्रत्यक्ष कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दहा महिन्यांनी दाखवून दिलं. रुग्णालयात निदान नातेवाईक येत-जात असतात, पत्रकार पोचतात, लोक आरडाओरड करतात. तुरुंगाच्या भिंतीआड काय बसवलंय आणि काय बंद पडलंय, हे बाहेरच्या माणसाला दिसतच नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र कायदा आहे. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६'. इमारतीच्या मालकाने किंवा ती वापरणाऱ्याने आग प्रतिबंधक यंत्रणा बसवायची आणि ती चालू स्थितीत ठेवायची, अशी जबाबदारी हा कायदा टाकतो. यंत्रणा चालू आहे याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यात, अग्निशमन अधिकाऱ्यांना द्यायचा असतो. गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्यांना हा 'फॉर्म बी' ओळखीचा असेल.

तुरुंगाच्या बाबतीत गंमत अशी की जबाबदारी वाटली जाते. तुरुंग चालवतो गृह खात्याखालचा कारागृह विभाग. इमारतीची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. आणि आग लागली तर बंब येणार नगरपरिषदेचा किंवा महापालिकेचा. वायरिंग बदलायची तर प्रस्ताव एकाने द्यायचा, मंजुरी दुसऱ्याने, काम तिसऱ्याने. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या कोणालाही पुढचं सांगायची गरज नाही.

त्यावर एक घटनात्मक बाजूही आहे. घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क तुरुंगाच्या दारात काढून ठेवावा लागत नाही. १९९३ मध्ये 'नीलाबती बेहरा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ताब्यातल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी सरकारची असते आणि त्यात कसूर झाली तर भरपाई द्यावी लागते. माणसाला कोंडणारा जो, त्याच्या जिवाची हमी देणाराही तोच, इतकं साधं हे सूत्र आहे.

होंडुरासला हेच सूत्र आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर मान्य करावं लागलं. तिथल्याच सान पेद्रो सुला तुरुंगात मे २००४ मध्ये लागलेल्या आगीत १०७ कैदी मेले होते. त्याचा निकाल आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला दिला. तोवर कोमायाग्वा जळून दोन महिने उलटून गेले होते.

भुईकोट आणि बराक

आता मूळ अडचणीकडे येऊ. तुरुंगवाले म्हणतात, आम्ही दारं सहज उघडणारी ठेवली तर कैदी पळतील. अग्निशमनवाले म्हणतात, दारं उघडली नाहीत तर माणसं मरतील. दोघांचंही खरं आहे. मग मार्ग काय?

याचं उत्तर समजायला भुईकोट किल्ला उपयोगी पडतो. धर्मापुरीसारख्या भुईकोटाची रचना सरळ असते. उंच तट, मोजकी दारं. शत्रूला आत येणं अवघड. तुरुंगाला हवी असलेली रचना हीच, फक्त उलट्या दिशेने, म्हणजे आतल्याला बाहेर पडणं अवघड. म्हणूनच कित्येक किल्ल्यांचे पुढे तुरुंग झाले. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह पोर्तुगीजांनी बांधलेल्या किल्ल्यात आहे. गोव्यात आग्वादच्या किल्ल्यात कित्येक वर्षं तुरुंग होता. जे किल्ल्यात नाहीत तेही बरेच जुने आहेत. पुण्याचं येरवडा १८७१ चं, मुंबईचं आर्थर रोड १९२० च्या दशकातलं.

पण किल्ल्याचं एक वैशिष्ट्य आपण विसरतो. तटाच्या आत मोकळी जागा असते. आपल्याकडच्या जुन्या तुरुंगांतही तसंच आहे. बहुतेक बराकी बैठ्या किंवा फार तर एक मजली. बराकीचं दार उघडतं ते रस्त्यावर नाही, अंगणात. तुरुंगाच्या भाषेत यार्डात. यार्डाला स्वतःची भिंत. त्याबाहेर तुरुंगाची मोठी भिंत. त्यावर पहारा.

म्हणजे आग लागल्यावर बराकीचं दार उघडलं तर कैदी सुटत नाही. तो उघड्यावर येतो, इतकंच. धुरातून बाहेर, पण ताब्यातच. बराकीचं दार जीव वाचवण्यासाठी लवकर उघडायचं आणि बाहेरचं दार पूर्वीसारखंच बंद ठेवायचं. पळून जाण्याची भीती आणि जळून मरण्याची भीती यांच्यात निवड करायची वेळच येत नाही. जगभरातले तुरुंगांचे अग्निसुरक्षेचे नियमही याच कल्पनेवर चालतात. कैद्याला तुरुंगाबाहेर काढायचं नसतं, पेटलेल्या भागातून शेजारच्या सुरक्षित भागात न्यायचं असतं.

यातून आणखी एक गोष्ट कळते. जागेच्या टंचाईमुळे आता बहुमजली तुरुंगांचा विचार होतो. सान मिगेल बहुमजली होता आणि आग वरच्या मजल्यावर लागली होती. वरच्या मजल्यावरच्या माणसाला यार्ड नसतं. त्याला जिना लागतो, धूर बाहेर काढणारी व्यवस्था लागते, आग अडवणाऱ्या दारांनी वेगळे केलेले भाग लागतात. जुन्या बैठ्या बराकीत जे फुकट मिळत होतं ते नव्या इमारतीत पैसे खर्चून बांधावं लागतं. नकाशात ते सुरुवातीलाच नसेल तर नंतर घुसवता येत नाही.

गर्दीचं काय?

देशातल्या तुरुंगांत २०२२ मध्ये क्षमतेच्या १३१ टक्के कैदी होते. महाराष्ट्राचं प्रमाण त्याहून जास्त, दीडपटीच्या आसपास राहत आलं आहे. गर्दीमुळे आगीचा धोका तीन प्रकारे वाढतो. जळण्याजोगं सामान वाढतं. पंख्यांवर, टीव्हीच्या जोडण्यांवर, जुन्या वायरींवर ताण येतो. आणि एका दारातून बाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढते. पन्नास माणसांसाठी ठेवलेल्या दाराशी शंभर जण एकदम आले तर धुराआधी चेंगराचेंगरीच जीव घेते.

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या तुरुंगात २१ एप्रिल १९३० ला लागलेल्या आगीत ३२२ कैदी मेले. दीड हजारांसाठी बांधलेल्या तुरुंगात तेव्हा ४ हजार ३०० कैदी होते. काही पहारेकऱ्यांनी आधी खोल्या उघडायलाच नकार दिला होता. त्या आगीनंतर ओहायोने जे केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांनी पुढच्याच वर्षी पॅरोल मंडळ स्थापन केलं आणि त्या तुरुंगातून २ हजारांहून जास्त कैद्यांना पॅरोलवर सोडलं. गर्दी कमी करणं हाही अग्निसुरक्षेचाच भाग आहे, हे त्यांना कळलं होतं.

आपल्याकडे त्यासाठी कायदा तयार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडायचं असतं. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला तर एक तृतीयांश काळानंतरच. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले चालू असलेल्यांना हे लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं की ही तरतूद जुन्या प्रकरणांनाही लावायची. म्हणजे ती नीट राबवली तर कितीतरी बराकींतली गर्दी एक वीट न रचता कमी होऊ शकते.

करायचं काय?

यात रॉकेट उडवण्यासारखं अवघड काही नाही. बहुतेक उपाय साधे आहेत.

किल्ल्या: प्रत्येक बराकीच्या किल्लीचा एक जादा संच, आणीबाणीपुरता, यार्डाच्या जवळ पण बराकीबाहेर, सीलबंद पेटीत. किल्ल्यांवर बोटांनी चाचपून ओळखता येतील अशा खुणा, कारण धुरात रंग दिसत नाहीत. शक्य तिथे एकाच कळीने अनेक खोल्या उघडणारी व्यवस्था, आणि वीज गेली तरी हाताने उघडता येईल अशी.

सूचना: धूर ओळखणारं यंत्र, कैद्यांना तोडता येणार नाही अशा जाळीत बसवलेलं. त्याची घंटा मुख्य दाराजवळ वाजली पाहिजे, जिथे किल्ल्या आहेत तिथे.

वीज: जुनी वायरिंग बदलणं, गळती होताच वीज तोडणारे स्विच बसवणं. टांगत्या, जोडलेल्या वायरी काढून टाकणं.

अंथरूण: २०२३ मध्ये राज्याच्या कारागृह विभागाने पन्नाशीपुढच्या कैद्यांना स्वखर्चाने अंथरूण-उशी वापरायची परवानगी दिली. निर्णय माणुसकीचा आहे. म्हाताऱ्या माणसाने थंड फरशीवर किती दिवस झोपायचं? फक्त ती गादी साध्या फोमची आहे की सहज न पेटणाऱ्या कापडाची, हे बघितलं पाहिजे.

सराव: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. महिन्यातून एकदा, तेही दिवसा नव्हे तर रात्री, घड्याळ लावून बघायचं की शिट्टीपासून दार उघडेपर्यंत किती वेळ लागला. रात्रपाळीला नव्याने आलेल्या शिपायाला कुठली किल्ली कुठल्या दाराची हे माहीत आहे का, हे तेव्हाच कळतं.

आणि आग फक्त कैद्यांना गाठत नाही. बराक उघडायला धावणारा शिपाई त्याच धुरात शिरत असतो. त्याच्याकडे साधा मास्कही नसेल तर त्याने दार उघडावं ही अपेक्षा करायची कशाच्या जोरावर?

हे सगळं पोलिस ठाण्याच्या कोठडीलाही लागू आहे. तिथे एकच खोली, एकच दार. बाहेर आवारात जप्त केलेल्या गाड्या आणि आत मुद्देमाल ठासलेला. मोठ्या तुरुंगात निदान कोणीतरी रात्रभर जागं असतं. लहान ठाण्यात रात्री एखाद-दोन कर्मचारी असतात, त्यातले काही गस्तीवर. आणि गाव तालुक्यापासून लांब असेल तर बंब यायला लागणारा वेळ धुराला लागणाऱ्या वेळेपेक्षा नेहमीच जास्त असणार. म्हणून तिथे तर सगळी भिस्त किल्ली जवळ असण्यावरच.

तुम्ही काय विचारू शकता?

तुरुंगाच्या आत तुम्हाला जाता येणार नाही. पण माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपयांच्या अर्जात आपल्या जिल्ह्याच्या कारागृहाबद्दल हे पाच प्रश्न विचारता येतात.

१. शेवटची अग्निसुरक्षा तपासणी कधी झाली आणि त्यात कोणत्या त्रुटी सापडल्या?

२. त्यातल्या किती दूर झाल्या?

३. जानेवारी आणि जुलैचे दाखले अग्निशमन अधिकाऱ्यांना दिले आहेत का?

४. विजेची वायरिंग शेवटची कधी तपासली आणि कधी बदलली?

५. गेल्या वर्षभरात आगीचा सराव किती वेळा झाला, त्यातला रात्रीचा किती वेळा?

किल्ल्या नेमक्या कुठे ठेवतात हे सुरक्षेचं कारण देऊन सांगणार नाहीत आणि ते बरोबरच आहे. पण सराव झाला की नाही, हे गुपित असू शकत नाही. घरातलं कोणी आत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही हा विषय नेता येतो. कच्च्या कैद्यांचा आढावा घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. तुरुंगांची पाहणी करायला अभ्यागत मंडळंही असतात. जेवण, पाणी, भेटी यांबद्दल तिथे विचारलं जातं. त्या यादीत आणखी एक प्रश्न घालायला खर्च येत नाही: आज रात्री आग लागली, तर या बराकीचं दार किती मिनिटांत उघडेल?

या प्रश्नाचं उत्तर ज्या तुरुंगात कोणाला तोंडपाठ आहे, त्या तुरुंगातली माणसं वाचण्याची शक्यता जास्त. आणि जिथे उत्तर द्यायला फाईल शोधावी लागते, तिथे काम आजच सुरू करायला हवं.